बांगड्या उतरवून केलेले मांडे

तरुणपणी मी फार भाविक होते, असं माझं मत होतं. देवाचं मत त्याने बरीच वर्षं सभ्यपणे स्वतःपाशीच ठेवलं.

माहेर माझं सोनगीरच्या बाजूचं, सासर वरणगावला. आमच्या ख्रिस्ती मंडळीत कापणीच्या सणाला चर्चमधली उपासना संपली की प्रीतिभोजन असतं, आणि त्यात खापरावरचे पुरणाचे मांडे नि झणझणीत रशी, म्हणजे कटाची आमटी. खापर म्हणजे चुलीवर पालथं घातलेलं मातीचं मोठं भांडं. सैल मळलेल्या कणकेत पुरण भरायचं, उंडा जरासा लाटायचा, मग दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि अलगद खापरावर सोडायचा. हे जमणाऱ्या बाईला आमच्याकडे मान असतो. मला जमत होतं. मान मात्र पुरत नव्हता.

लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला मी चुलीपाशी बसले ती मनगटभर हिरव्या काचेच्या नव्या बांगड्या घालून. मांडे करताना बांगड्या उतरवतात हे खानदेशातल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. पण मंडळीतल्या झाडून सगळ्या बाया समोर बसलेल्या. बांगड्या डब्यात ठेवल्या तर बघणार कोण? मांडा छान फिरला, पसरला, आणि बांगडीत अडकून टरकन फाटला. पुरण चुलीत, अर्धा मांडा माझ्या कोपरावर, आणि मी नाताळच्या नाटकात वाक्य विसरलेल्या देवदूतासारखी तोंड उघडं टाकून.

सासूबाई धुळ्याकडच्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "माय व, मांडा करस का बांगड्या दखाडस?"

सगळ्याजणी हसल्या. सगळ्यात मोठ्याने हसली ती पहूरची. तीही माझ्यासारखीच नवी सून, पहूर गावाहून आलेली, आमच्याच मंडळीतली, आणि मेलीचे मांडे असे पातळ की पलीकडचं दिसावं. त्या दिवसापासून माझ्या प्रार्थनेत तिला कायमची जागा मिळाली. तिचा मांडा फाटो, असं देवाजवळ थेट मागायची माझी छाती नव्हती. म्हणून मी डोळे मिटून, गळा दाटून आणून मागायचे, "प्रभो, माझ्या त्या भगिनीला नम्रता शिकव."

पुढे बांगड्या उतरल्या, हात बसला, पण हौस गेली नाही. पहिल्या पंगतीला पाळकसाहेब आणि पाहुणे. तिकडे मी अख्खे, गोल, चंद्रासारखे मांडे धाडायचे. फाटके, करपलेले शेवटच्या पंगतीला. तिथे शेतमजुरीवरून आलेली, लांबच्या वस्त्यांवरून चालत आलेली माणसं बसायची. ती कशाला तक्रार करतील? सासूबाईंनी एकदा माझी ही वाटणी पाहिली आणि म्हणाल्या, "देव कोन्ती पंगतमा बसस, तुले माहीत शे का?"

मी म्हटलं, "देव तर सगळीकडे असतो, आत्याबाई." धर्मशास्त्र माझं पहिल्यापासून पक्कं.

या वर्षी मात्र परीक्षा आली. मोरीत पाय घसरून पडले आणि उजवा हात प्लास्टरमधून बाहेर आला तो वाकडाच. कोपर सरळ होईना. सणाची तयारी करणारी तरुण मुलं घरी आली. "आजी, तुम्ही आता आराम करा. यंदा केटररला सांगतो. गुलाबजाम ठेवू."

खरं सांगू? मला गुदगुल्या झाल्या. मी थांबले म्हणजे मांडे थांबले! माझ्या दफनविधीचं भाषणही ऐकू यायला लागलं: 'त्यांच्याबरोबर मंडळीतले मांडेही गेले.' दोन हुंदके तर मी स्वतःच देणार होते. तेवढ्यात सासूबाईंचा तो प्रश्न आठवला, आणि शेवटच्या पंगतीतले चेहरे. त्यांच्यातल्या कितीकांना मांडा वर्षातून त्याच दिवशी मिळतो. एवढं पुरण, एवढं तूप, एवढा वेळ घरी कुणाकडे असतो? थडग्यावरचा माझ्या नावाचा दगड भक्कम व्हावा म्हणून त्यांच्या ताटातला मांडा काढायचा?

"केटररला नाही म्हणा," मी म्हटलं. "मी मुलींना शिकवते."

मग सणापर्यंत दर रविवारी दुपारी आमच्या अंगणात शाळा भरली. सून आणि मंडळीतल्या तिच्या मैत्रिणी. पहिले मांडे जामनेर तालुक्याच्या नकाशासारखे झाले. सून म्हणाली, "आई, मोबाईलवर वेगळंच दाखवतात."

"मग मोबाईललाच सासू कर."

हळूहळू हात वळले. मग सणाची सकाळ उजाडली, आणि सुनेने मायेपोटी घात केला. मोठा दिवस म्हणून तिने माझं जुनं खापर साबणाने खसाखसा घासलं आणि ओलंच चुलीवर पालथं घातलं. ओल्या खापराला एकदम आच लागली. फट्! सरळ दोन तुकडे. पोर रडायलाच लागली. तयारीवाल्या एका मुलाने खिशातून मोबाईल काढला. गुलाबजाम दारात आलेच म्हणायचे.

एवढं मोठं खापर आता एकाच घरी होतं. पहूरचीच्या. जिच्यासाठी मी जन्मभर नम्रता मागितली, तिच्याकडे खापर मागायचं! मी फोन लावला.

"खापर देते," ती म्हणाली, "पण मीसुद्धा येते. तुझा काय भरवसा? हेही फोडशील."

रिक्षातून ती उतरली ती खापर गोधडीत गुंडाळून, नातवासारखं पोटाशी धरून. आम्ही दोघी म्हाताऱ्या चुलीजवळ प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलो आणि एकाच वेळी उलटसुलट सूचना द्यायला लागलो. सुनेने डोळे पुसले. मी तोंड उघडायच्या आत तिने बांगड्या उतरवल्या, घड्याळ उतरवलं आणि सगळं माझ्या ओटीत टाकलं. मला जे जाहीर फजितीनंतर कळलं, ते ही पोर न सांगता करून बसली होती. मांडा तिच्या हातांवर फिरला, कोपरापर्यंत गेला आणि सुरकुतीही न पडता खापरावर उतरला. पहूरची ओरडली, "अगं बाई, हिच्यापेक्षा चांगला!"

"शंभर वेळा चांगला," मी म्हटलं. "हा शेवटच्या पंगतीला जाऊ दे."

त्या दिवशी वाढप मागून सुरू झालं; एरवी शेवटी बसणारी माणसं आधी जेवली. पाळकसाहेब आपली पाळी येईपर्यंत हात बांधून बसले होते. मांडे येत राहिले, पंगती उठत राहिल्या, आणि टोपलीला तळ दिसेना.

शेवटी आभार. सगळ्या मुलींची नावं घेतली, टाळ्या झाल्या. पहूरचीने कोपर मारलं. "तुझं नाव नाही घेतलं गं."

"तुझंही नाही."

मग मी तिला माझी ती जुनी प्रार्थना सांगून टाकली. तिला असं हसू फुटलं की रशीचा ठसका नाकात गेला. "मेले," ती डोळे पुसत म्हणाली, "मी तुझ्यासाठी तेच मागत होते!"

सुनेने आमच्या ताटांत एकेक मांडा वाढला. अख्खा, गोल, वर तुपाची धार. आम्ही दोघी शेवटच्या पंगतीत बसलो होतो. सासूबाई असत्या तर त्यांना सांगितलं असतं, जागा उत्तम आहे. सोबतही.