शेवटच्या कडव्यातलं नाव

मी तीन कामं करतो. गोंदियाच्या एका पेपरात गाण्यांवर सदर लिहितो, कथा लिहितो आणि झाडीपट्टीच्या नाटकांना गाणी देतो. तिन्ही मला चांगली जमतात. पण ज्या गाण्यानं माझं नाव झालं, ते माझं नाही.

आमच्याकडे गाणं रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. छाप म्हणतात त्याला. छाप ज्याची, गाणं त्याचं. सालेकसाकडची एक मावशी आमच्या बांधीत धानाची रोपं लावायला, रोवण्याला यायची आणि वाकल्या वाकल्या स्वतः रचलेलं गायची. त्यातलं एक मी उचललं. तिचं शेवटचं कडवं कापून माझं जोडलं. गाणं नाटकापेक्षा जास्त गाजलं. पुढे सदरात मीच लिहिलं, की असं सुचायला चिखलात उभं राहावं लागतं. मी बांधावर छत्री घेऊन उभा असायचो. त्यावर कडी म्हणजे, एका कथेत रोवणारी गाणारीण साप चावून मारली. मेलेली बाई हक्क सांगायला येत नाही, एवढाच हिशेब होता.

यंदा दिवाळीआधी तिच्या घरी गेलो. ती सुपात लाखोळीची डाळ पाखडत होती. सगळं सांगितलं.

"मले ठाऊक आहे. नातीनं वाचून दाखवली तुही कथा. काऊन रे बापू, गाणं नेलं तं नेलं, मले सापानं कायले मारलं?"

मी सुपातल्या डाळीकडे पाहू लागलो.

"खाली काय पाहून राहिला? माहं कडवं आठवते का?"

म्हणून दाखवलं.

"सूर अजून कच्चाच आहे तुहा. पण शब्द बरोबर आहेत. टाक माहं नाव."

कडवं बदलायचं म्हणताच नाटकाचा मालक भडकला. "दिमाग खराब है क्या, भाऊ? पब्लिक तुमच्या नावावर वन्समोर देते!"

"रविवारच्या सदरात सगळं येतंय. लिहून देऊन आलो," मी म्हणालो. त्यानं गाण्याची वही माझ्यापुढे सरकवली.

दुपारच्या तालमीला मावशी आली. गायिकेनं तिचं कडवं घेतलं. माझ्या कडव्यात दोन उपमा होत्या. तिच्या कडव्यात एक बाई चिखलातून पाय उपसते आणि आपलं नाव सांगते, बस. ते सरस आहे.

मावशीनं मध्येच हात वर केला. "पोरी, इतकी घाई कायले? हातातली पेंडी रोवून होऊ दे, मंग दुसरी घे."

गायिकेनं पेटीवाल्याकडे पाहिलं, पेटीवाल्यानं माझ्याकडे.

"माझ्याकडे काय बघता?" मी म्हणालो. "गाणं त्यांचं आहे."