तुडूम बुजला

माझ्या सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तलाव राखत आलेली. लग्न होऊन माहेराहून, मुर्रीहून, त्यांच्या गावी गेले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, नेऊन तुडूम दाखवला. तलावाच्या पाळीच्या पोटातून शेतांकडे पाणी सोडायची जी वाट असते, तिला तिकडे तुडूम म्हणतात. त्यात गाळ बसतो आणि सासरे लांब बांबू घालून तो मोकळा करतात. आधी काळं, घाण वासाचं पाणी भसाभस येतं, मग स्वच्छ. निम्मं गाव पाळीवर उभं राहून बघतं. मीही दरवर्षी बघायची.

सहा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. सासू वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकते. अशा गोष्टीत सासू वाईट निघाली की ऐकणाऱ्याचं काम फार सोपं होतं. तिने मला कधी टोमणा मारला नाही. टोमणे तीच खायची, बारशाला गेली की, लग्नाला गेली की, आणि घरी येऊन तांदूळ निवडत बसायची. नवरा नागपूरला कंपनीत, पंधरा दिवसांनी यायचा. त्याची तपासणी झाली होती, त्यात काही दोष निघाला नव्हता. म्हणजे राहिले मी.

गोंदियाच्या डॉक्टरणीने गर्भपिशवीत औषध सोडून एक्स-रे काढायला लावला. मी एकटीच गेले होते. फिल्म उजेडासमोर धरून ती म्हणाली, "देखो, दाहिनी ट्यूब ब्लॉक है। बाईं खुली है, उसी से हो जाएगा। छह महीने और कोशिश करो। घबराओ मत।"

परतताना बसमध्ये मी घाबरूनच बसले होते. बंद असलेल्या नळीने नाही, उघड्या असलेल्या नळीने. एक उघडी आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग काऊन होत नाही? त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आणि नुसतं बंद आहे म्हटलं की विषय संपला. त्यात माझा काय गुन्हा?

ओसरीवर सासू वाटच बघत होती. तिला ट्यूब काय कळणार, म्हणून मी म्हटलं, "आई, माझा तुडूम बुजला आहे. पोटात दोन नळ्या असतात, तिथून मूल येतं."

"दोन्ही बुजल्या?"

मी हो म्हणून मान हलवली.

मला वाटलं ती रडेल. ती चक्क हसली. "मंग इतके साल काऊन नाई कळलं बाई? बुजलं त मोकळं करता येते. वांझ नाई म्हून तू, बुजली आहेस नुसती."

त्या महिन्यात मी त्या घरात जितकी सुखी होते तितकी आधी नव्हते आणि नंतरही नाही. सासूने शेजारणींना ताठ मानेने सांगितलं. मीही सांगितलं. डॉक्टरणीने दिलेले सहा महिने मी कुणाला सांगितलेच नाहीत. दोन्ही बंद म्हटल्यावर कसली कोशिश?

आधी एरंडेल झालं. मग पोटाला शेक, चोळणं. मग बाजाराच्या दिवशी सासू एका बाईला घेऊन आली. ती जडीबुटी विकायची. कोणी तिला दरेकस्याकडची म्हणे, कोणी छत्तीसगडची. मलमलच्या कापडात बांधलेल्या पाल्यामुळांच्या छोट्या पोटल्या तिने दिल्या. एकेक पोटली तीन दिवस आत ठेवायची, खालून. अशा पाच.

"इससे सब कचरा बाहर आता है," ती म्हणाली.

"गाळ?" सासूने विचारलं.

"हाँ, वही. गाळ."

दुसऱ्या पोटलीनंतर पिवळं, घाण वासाचं जायला लागलं. सासूने माझं डाग पडलेलं कापड उजेडासमोर धरलं, डॉक्टरणीने फिल्म धरली होती तसंच, आणि तिचा चेहरा खुलला. "निघून राहिला," ती म्हणाली. "गाळ निघून राहिला. आता साफ येईन."

आणि मी खूश झाले. बारावी पास, हातात मोबाइल, आणि स्वतःच्या अंगातून पू वाहतोय त्याचा आनंद करत बसले! आज आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते. ताप आला, तो गाळ हलला म्हणून. ओटीपोटात कळा, त्या वाट मोकळी होते म्हणून. प्रत्येक दुखण्याचं उत्तर आमच्याकडे तयार होतं, आणि ते घरात मीच आणलं होतं. तिसरी पोटली मी स्वतःच्या हाताने ठेवली.

सासरे बायकांच्या गोष्टीत कधी पडत नसत. पण माझं कण्हणं आणि सासूचा तो "गाळ, गाळ" अंगणात ऐकू जातच होता. एका सकाळी ते दाराबाहेरून, आत न बघता म्हणाले, "किती दिवस झाले जाऊन राहिलं?"

"आठ," सासू म्हणाली.

"गाळाचं पाणी दोन दिवस जाते. आठ दिवस नाई जात. आठ दिवस घाणच येऊन राहिली त पाळ फुटली समजा." त्यांनी पायात चपला घातल्या आणि ऑटो आणायला गेले.

दोन्ही नळ्यांत पू झाला होता. ऑपरेशन करून दोन्ही काढल्या. डॉक्टरणी तीच. मी शुद्धीवर आल्यावर तिने विचारलं, "बदबू शुरू हुई, तभी क्यों नहीं आई?" गाळाला हिंदीत काय म्हणतात ते मला आठवेना. गर्भपिशवी शाबूत आहे, नागपूरला टेस्ट ट्यूब बेबीचा रस्ता उरला आहे, असं तिने सांगितलं. मग फाइल मिटताना हळूच म्हणाली, "वो खुली वाली भी गई।" सासू तेव्हा नळावर माझे कपडे धूत होती.

नागपूरला आम्ही अजून गेलेलो नाही. नवरा म्हणतो, बघू. ती पहिली फिल्म पेटीत माझ्या लग्नाच्या शालूखाली आहे. तिच्यात डाव्या नळीची बारीक पांढरी रेघ शेवटपर्यंत गेलेली दिसते. न शिकलेल्या माणसालाही दिसेल.

सासू थकली आता. त्यानंतर ती तुडूम बघायला कधी पाळीवर गेली नाही. त्या दिवशी घरीच राहते, मला पुढ्यात बसवून डोक्याला तेल लावते आणि दरवर्षी एकच विचारते.

"बंदच त होत्या ना बाई दोन्ही? आपण काई उघडं असलेलं बंद नाई केलं ना?"

"नाही आई," मी म्हणते. "दोन्ही बंदच होत्या."