मोजपट्टीचा तक्ता

त्याला सगळे मोजपट्टी म्हणतात. माझ्या वर्गात होता तेव्हाही दप्तरातल्या वह्या उंचीप्रमाणे लावायचा. आता पन्नाशीला टेकलाय. दिवसा विमा कंपनीत नोकरी, संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप. कोट्यवधी नोंदी चाळून त्यांचा मेळ घालणारं एक संगणकी इंजिन जगभरातले हौशी लोक मिळून फुकट बांधतात. त्यांनी पाठवलेला कोड मोजपट्टी तपासतो. ओळ शंभर अक्षरांपुढे गेली की परत!

त्याची भाची शिकायला त्याच्याकडेच राहते. मामाच्या वशिल्याचा ठपका नको, म्हणून तिने टोपणनावाने दुरुस्ती पाठवली. रिकामी नोंद आली की इंजिन अडखळायचं, ते अडखळणं त्या दुरुस्तीने थांबलं. शुक्रवारी निघणाऱ्या नव्या आवृत्तीत आपल्या कामाला जागा मिळावी, एवढीच तिची इच्छा.

मामाने ते तीनदा परत केलं. कुठे जागा जास्त, कुठे कंस खालच्या ओळीवर.

"कोण गबाळा आहे कुणास ठाऊक!" तो जेवताना करवादला. "सांगितलंय त्याला, अख्ख्या फायलीवर ते ओळी आपोआप नीट लावणारं रचनेचं यंत्र फिरव."

"फिरवेल बिचारा," भाची म्हणाली. मामी हसू दाबत पाणी आणायला उठली. तिला सगळं ठाऊक होतं.

त्याच फायलीत अकरा वर्षांपूर्वी मामाने स्वतःचा एक तक्ता लिहिला होता. त्याभोवती कुंपण होतं: यंत्राने इथे हात लावू नये, अशी सूचना. अख्ख्या म्हणजे अख्ख्या, म्हणून भाचीने कुंपण काढलं, यंत्र फिरवलं आणि काम पाठवून दिलं.

गुरुवारी मोजपट्टी लालबुंद. "माझ्या तक्त्याचा पार चुराडा केला त्याने! रांगेत उभे होते सगळे रकाने!"

"आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं," मामी म्हणाली.

"अगं, पण वाचायला किती सोपा होता!"

"असेल, पण ओळ एकशे बेचाळीस अक्षरांची होती ना, मामा?" भाची बोलून गेली.

हा आकडा त्याने घरात कुणालाच सांगितला नव्हता. घास हातात तसाच.

"त्या गबाळ्याला म्हणावं, माझा तक्ता कुंपणासकट परत ठेव. मंजुरी मी देणार नाही, दुसऱ्या तपासनिसाकडे पाठवतो. उद्या कुणी म्हणायला नको, मामाने घुसवलं."

दुसऱ्या तपासनिसाने दहा मिनिटांत होकार दिला. त्याने ओळींतली अक्षरं मोजलीच नाहीत.