सूनबाईची खोकडं

मंडळी, आज ऊर अभिमानानं भरून आलाय.

इंदापूरकडच्या आमच्या रानाला लागून कारखान्याच्या बंद ऊस-रेल्वेचा भराव आहे. लहानपणी त्या गाडीच्या तालावर मी कविता पाठ करायचो. रूळ गेले, आता तिथल्या गवतात खोकडं, म्हणजे लहानखुरे कोल्हे, राहतात.

सकाळी माझा धाकटा भाऊ, तात्या, तोडलेल्या उसाचं पाचट पेटवायला निघाला. सूनबाई आडवी आली.

“वारं भरावाकडं हाय, तात्या. पिल्लं हायती तितं.”

“मग पाचट काय उशाला घेऊ?”

“कुट्टी करू, बारीक करून रानातच पसरू. ट्रॅक्टर मी चालवती.”

दिवसभर चालवला तिनं! संध्याकाळी पिल्लं भरावावर खेळत होती, आणि तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला लांबूनच दाखवत होता, “बघा, आमच्या सुनेची खोकडं!”

तुमच्याकडच्या बंद रुळांवर कोण राहतं हो?