पलसाण्यातला अक्काचा पहिला सामना

उधना गेलं की सुरत आलीच, असं समोरच्या सीटवरच्या गृहस्थांनी सांगितलं आणि मी बॅग खाली काढली. खिडकीबाहेर पत्र्याच्या लांबच लांब शेड, उंच चिमण्या आणि कापडाच्या ताग्यांनी ओसंडलेले टेम्पो दिसत होते. कोल्हापूर सोडून जवळजवळ एक दिवस होत आला होता.

अक्का, माझी थोरली बहीण, तीस वर्षांहून अधिक काळ सुरतेत राहते. इथल्याच एका मराठी शाळेत शिकवून ती निवृत्त झाली. दोन वर्षांपूर्वी भावोजी गेले आणि तिनं घराबाहेर पडणं जवळजवळ सोडलं. ‘कोल्हापूरला ये की चार दिवस’ म्हटलं, की ‘बघू’ एवढंच म्हणायची. मागच्या आठवड्यात मात्र फोनवर बोलता बोलता तिनं एक बातमी दिली. भास्कर नावाचा तिचा जुना विद्यार्थी सुरतेबाहेर हायवेवरच्या पलसाण्याला डाइंग मिलमध्ये (कापड रंगवण्याच्या कारखान्यात) कामाला आहे. त्याची मुलगी कोमल फुटबॉल खेळते. रविवारी सकाळी तिचा सामना होता आणि भास्करनं बाईंना आग्रहानं बोलावलं होतं.

“मी कुठं जाणार आता,” अक्का म्हणाली आणि विषय बदलला. मी त्याच दिवशी तिकीट काढलं.

यामागं एक जुनी गोष्ट आहे. मी सहा वर्षांचा होतो आणि अक्का दहा. आमच्या पेठेत फुटबॉलचं वेड भयंकर. खेळाडूंची नावं, कोण डाव्या पायानं मारतो, कुणाचा गुडघा दुखावलाय, हे सगळं अक्काला पाठ. पेपरातल्या सामन्यांच्या बातम्या कापून ती गादीखाली ठेवायची. पण आबांनी, आमच्या वडिलांनी, मैदानावर नेलं ते मला. “पोरीचं तिथं काय काम?” एवढंच ते म्हणाले. अक्का उंबऱ्यात उभी राहून आम्हाला बघत होती.

मैदानावर मला दिसल्या त्या फक्त लोकांच्या पाठी. गर्दीनं एकदम आरोळी ठोकली, शेजारी कुणीतरी फटाका फोडला आणि मी भोकाड पसरलं. आबांनी मला उचलून बाहेर नेलं, गाडीवरचं भडंग खायला घातलं आणि सामना संपण्याआधीच आम्ही घरी परतलो. दारातच अक्कानं धरलं. “सगळं सांग. पहिल्यापासून सांग.” काहीच पाहिलं नव्हतं असं सांगायची मला लाज वाटली. मी तीन गोल रचून सांगितले, अगदी कुणी कुणाला चेंडू दिला त्यासकट. ती गुडघ्यांवर हनुवटी टेकून ऐकत राहिली. ते खोटं मी पुढं कधीच कबूल केलं नाही.

रविवारी सकाळी अक्का तयार झाली खरी, पण दाराशी अडली. “गुडघे दुखतात रे. तूच जाऊन ये.”

“जातो. पण मला गुजराती येत नाही. हरवलो तर शोधायला तुलाच यावं लागेल.”

तिनं चपला घातल्या.

कोपऱ्यावरच्या गाडीवर लोचो खाल्ला (हरभऱ्याच्या डाळीचं वाफवलेलं मऊ पीठ, त्यावर तेल, शेव आणि चिरलेला कांदा). ‘बेन, बऊ दिवसे!’ (ताई, फार दिवसांनी!) असं गाडीवाला म्हणाला तेव्हा अक्का किंचित हसली. मी मात्र उत्साहाच्या भरात पुढं होऊन बस पकडली. ‘हायवे जाणार ना?’ असं विचारलं, कंडक्टरनं मान हलवली, मला तेवढं पुरलं; अक्काही माझ्या भरवशावर डोळे मिटून बसली.

तासाभरानं उतरलो तर भोवती उसाची शेतं आणि पाटीवर कामरेज. पलसाणा हायवेच्या दुसऱ्या दिशेला! सामना सुरू व्हायला दहा मिनिटं राहिली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्का परत जाऊया म्हणेल, असंच वाटलं. तिनं पदर खोचला, रस्त्याच्या कडेला जाऊन एका शेअर गाडीला हात केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “भाई, पलसाणा जवुं छे. जल्दी!” (पलसाण्याला जायचंय. लवकर!) वर्गात दंगा करणाऱ्या पोरांना गप्प करायचा तो आवाज मी दोन वर्षांनी ऐकला.

गाडीत दाटीवाटीनं बसलो. भाजीच्या पाट्या घेऊन निघालेल्या एका बाईनं विचारलं, “क्यां जाओ छो, मासी?” (कुठं निघालात, मावशी?) अक्का म्हणाली, “फुटबॉल जोवा.” (फुटबॉल बघायला.) बाईनं आमच्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं आणि कौतुकानं हसून सरकून घेतलं.

चुकीच्या बसची खंत मनात होतीच, त्यात तोंडून निघून गेलं, “अक्का, तुझ्यापासून एक गोष्ट लपवलीय. लहानपणी तो सामना मी पाहिलाच नव्हता. ते तीन गोल मी मनानंच सांगितले.”

“ठाऊक आहे.”

“आबांनी सांगितलं?”

“दुसऱ्या दिवशी पेपर वाचला ना मी. सामना शून्य-शून्य सुटला होता.”

“मग तेव्हाच कान का धरला नाहीस?”

अक्का बाहेरच्या केळीच्या बागांकडं बघत म्हणाली, “इतकं छान सांगत होतास. माझ्या वाट्याला तेवढाच सामना होता रे.”

पलसाण्याची पाटी दिसताच तिनंच गाडी थांबवली.

पोचलो तेव्हा मध्यंतर होत आलं होतं. मिलच्या भिंतीमागचं मैदान, एका कडेला चुन्याच्या पुसट रेघा, कट्ट्यावर पन्नास-साठ माणसं. भास्कर धावत आला. “बाई, तुम्ही उनात!” (आलात!) घाईत त्याची अहिराणी बाहेर पडली. कोमलचा संघ एका गोलनं मागं होता.

उत्तरार्धात अक्का बसलीच नाही. कडेच्या रेघेशी उभी राहिली. मी खुर्ची नेली तर म्हणाली, “टीव्हीवर फक्त चेंडू दिसतो. चेंडू नसलेल्या पोरी काय करतात, ते इथंच कळतं.” बचावात खेळणाऱ्या कोमलनं एक चेंडू अडवून लांब पुढं टाकला, तिच्या मैत्रिणीनं तो जाळ्यात मारला आणि अक्कानं दोन्ही हात वर करून अशी आरोळी ठोकली की पंचानंही वळून पाहिलं. शेवटी मात्र समोरच्या संघानं आणखी एक गोल केला. कोमलचा संघ हरला.

घामेजलेली कोमल मान खाली घालून आली. “बाई, वाईट खेळले ना मी?”

“दुसऱ्या गोलाला चेंडूकडं बघत राहिलीस आणि मागून आलेली पोरगी सोडलीस. तेवढं सुधार. बाकी फार छान खेळलीस,” अक्का म्हणाली. कोमलनं चटकन वर पाहिलं. असं कुणी तिला सांगितलं नसावं.

मग भास्करनं आम्हाला बाजूला घेऊन खरी अडचण सांगितली. दहावीनंतर खेळ बंद, असं कोमलच्या आईनं ठरवून टाकलं होतं. “बाई, मनी पोर कशी खेळस ते तिनी माय एकदाबी देखाले उनी नही.” (माझी मुलगी कशी खेळते ते तिची आई एकदाही बघायला आली नाही.)

“मी बोलते तिच्याशी,” अक्का म्हणाली.

मंगळवारी दुपारी माझी परतीची गाडी होती. मी बॅग भरत होतो, तर अक्का साडी बदलून दारात उभी. “स्टेशनवर सोडायला येत नाही रे मी. पोरींचा सराव आहे आज. कोमलच्या आईला तो बघायला यायला राजी केलंय, तिचं मन फिरायच्या आत निघते.” डबा माझ्या हातात ठेवला आणि ती जिना उतरलीसुद्धा, कठड्याला धरून, पण भराभर.

गाडीनं उधना मागं टाकलं तेव्हा मी हायवेच्या दिशेला बघत होतो. अक्काला घरच्या उंबऱ्यापासून मैदानापर्यंत पोचायला बावन्न वर्षं लागली. कोमलच्या आईला तिनं दोन दिवसांत नेलं.