अ‍ॅम्पला कंठ फोडणारा व्हर्न

गिलाँग शहरात व्हर्न स्करीला 'तुझं चुकलं' असं तोंडावर सांगणारी एकच व्यक्ती, ती म्हणजे त्याची बायको मॅव्हिस. तीही हल्ली कंटाळली आहे. मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून स्वारीचा मुक्काम मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. गिटारचा आवाज मोठा करणारे, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे जुने अ‍ॅम्प तिथे येतात ते सभ्य माणसासारखे गुणगुणत आणि जातात ते गुरगुरत. घरातलं धुण्याचं यंत्र मात्र गेलं वर्षभर बकरीसारखं ओरडतंय. मॅव्हिस म्हणते, त्याला गेन, म्हणजे आवाज फुगवून फाडायचा जोर, वाढवायचं बटण नाही, म्हणून याला त्याच्यात रस नाही.

व्हर्नचे दोन नियम. चालू अ‍ॅम्पच्या पोटात हात घालताना डावा हात खिशात, म्हणजे विजेला छातीतून वाट मिळत नाही. आणि जुन्या अ‍ॅम्पच्या सांगाड्याला नवं भोक पाडायचं नाही.

ग्लेनिस टॅपसेल शाळेची बस चालवते आणि शनिवारी 'अँकर' पबमध्ये गिटार वाजवते. ती बापाचा नाचघराच्या जमान्यातला अ‍ॅम्प घेऊन आली, तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. पबचा मालक ट्रेव्हर म्हणाला होता, लोक बँडकडे पाठ करून मागच्या अंगणात बिअर पितात. या शनिवारीही तसंच झालं, तर पुढे शनिवारी बाण फेकायच्या स्पर्धा.

"मला गुरगुर हवी," ती म्हणाली. "लोकांनी मान वळवलीच पाहिजे."

"तू तारा छेड, बाई. गुरगुर माझ्यावर सोड."

त्या अ‍ॅम्पमध्ये संथ नाचांसाठी आवाज थरथरवणारी एक सोय होती. ती आता कोण वापरतं? व्हर्नने त्या सोयीचा रिकामटेकडा व्हॉल्व्ह काढून घेतला आणि गिटारच्या वाटेत उभा केला. आवाज आता आणखी एकदा फुगणार, आणखी एकदा फाटणार, आणि सांगाड्याला नवं भोक एकही नाही. वर गिटारचा सगळा खर्ज आत सोडणारा एक भला थोरला कपॅसिटरही डाग देऊन बसवला, कारण थोडक्यात भागवणं त्याच्या स्वभावात नाही. ग्लेनिसने शेडमध्ये पहिली तार छेडली, तशा खिडक्या हादरल्या आणि शेजारचा कुत्रा घराखाली शिरला. व्हर्नने शर्टाची कॉलर सारखी केली.

शनिवारी दुपारी पबमध्ये तालीम होती. ड्रम सुरू झाले, बास सुरू झाला, आणि ग्लेनिसची गिटार नाहीशी झाली. हात हलताना दिसत होता. आवाज मात्र गादीखाली ट्रक घुमावा तसा. बारवरचे दोन म्हातारे ग्लास उचलून अंगणात गेले. ट्रेव्हरने अ‍ॅम्प चालू आहे ना, अशी चौकशी केली. व्हर्नने आधी गालिच्याला दोष दिला, मग छताला, मग बास वाजवणाऱ्याला. गेनचं बटण थोडं आणखी पिळलं, तर होतं तेही बुडालं.

ग्लेनिस मान खाली घालून वाजवत राहिली. ते मात्र व्हर्नला झोंबलं. तो त्या म्हाताऱ्यांमागोमाग अंगणात गेला, दाराशी उभा राहिला आणि नुसता ऐकत राहिला. शेडमध्ये गिटार एकटी होती, तिथे ड्रम कोण वाजवणार? इथे तिचा खर्ज बासच्या अंगावर पडत होता, आणि व्हर्नच्या प्रत्येक व्हॉल्व्हमध्ये तोच खर्ज फुगून बाकीच्या सुरांचा गळा दाबत होता.

तो आत आला, अ‍ॅम्प बंद केला, उरलेली वीज उतरवली आणि ट्रेव्हरच्या कुरकुरीकडे कानाडोळा करून पूल टेबलावर टॉवेल अंथरला. स्वतःच हौसेने बसवलेला तो कपॅसिटर उपटला आणि तिथे शेंगदाण्याएवढा बसवला.

"गेन कमी केलास?" ग्लेनिसने विचारलं.

"गेन आहे तेवढाच. गेनपर्यंत पोचणारा खर्ज कमी केला."

तिने एक तार छेडली. आवाज किडकिडीत. "व्हर्न, हे डबड्यात माशी कोंडल्यासारखं वाजतंय."

"एकटी वाजवू नकोस ना. एकट्याने ऐकून मीच फसलो. सगळे वाजवा."

सगळ्यांनी वाजवलं. ड्रम आणि बास यांच्या वरून गिटार करवतीसारखी आली, प्रत्येक सूर दातासकट. अंगणातले म्हातारे ग्लास घेऊन दारात आले, मग आत आले आणि बसले. ट्रेव्हर हातातला ग्लास पुसायचा विसरला.

"रात्री आठला सुरू करा," तो म्हणाला. "आणि पुढच्या शनिवारीही."

तोवर व्हर्न त्या म्हाताऱ्यांना समजावत होता, की मोठा कपॅसिटर त्याने मुद्दाम बसवला होता, फरक कळावा म्हणून.

"खोटारड्या," ग्लेनिस हसत म्हणाली. "यापुढे माझ्या अ‍ॅम्पला हात लावलास, तर आधी इथे येऊन ऐकायचं. मागे, दाराशी उभं राहून."

"मी नाही ऐकणार, तर दुसऱ्या कुणाचे कान आहेत तुझ्याकडे?" व्हर्न म्हणाला, आणि ट्रेव्हरने न विचारता पुढे केलेली बिअर त्याने हक्काने घेतली.