उंच मुलगी आधी दमते

सातवीत असताना मी आईपेक्षा उंच झाले. पाळी त्याच्या आदल्या वर्षीच सुरू झाली होती. विद्याधर नगरच्या मैदानावर आम्ही मुली संध्याकाळी फुटबॉल खेळायचो, तिथे बाकीच्या सगळ्या माझ्या खांद्याला लागायच्या. माझी किक जोरात बसायची, म्हणून आमच्या कोच मॅडमनी मला सगळ्यांच्या पुढे ठेवलं होतं. पहिल्या हाफमध्ये मी गोल करायचेही. दुसऱ्या हाफमध्ये मात्र पाय जड व्हायचे आणि पोटऱ्या दगडासारख्या घट्ट व्हायच्या.

डाव्या बाजूला माझ्याच वर्गातली एक छोटीशी मुलगी खेळायची. ती धावायची, धापा टाकायची, कमरेवर हात ठेवून क्षणभर उभी राहायची आणि पुन्हा ताजी होऊन पळायची. मला ते कोडंच वाटायचं. मी मोठी, मी ताकदवान, मग आधी मीच का दमते?

बाबांकडे उत्तर तयार होतं. आम्ही मूळचे सांगलीचे, बाबांच्या विमा ऑफिसातल्या बदलीमुळे जयपूरला आलेलो. कॉलेजात ते कबड्डी खेळलेले.

"स्टॅमिना कमी पडतोय तुझा," ते म्हणाले. "एवढं अंग वाढलंय, त्याला घाम नको का गाळायला?"

तेव्हापासून ते मला शाळेच्या आधी, अंधारातच उठवून रस्त्यावर पळवायला लागले. संध्याकाळी पुन्हा प्रॅक्टिस. शाळेत शेवटच्या तासाला मी डोळे उघडे ठेवून झोपायचे.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तिलक नगरकडच्या एका मैदानावर आमची मॅच होती, तेरा वर्षांखालच्या मुलींची. सुरू होण्याआधीच समोरच्या टीमच्या मुलींचे आईवडील माझ्याकडे बोट दाखवायला लागले. एक काका रेफरींकडे गेले. "भैया, ये लड़की तेरह से नीचे की नहीं है. मतलब, देखने से ही पता चलता है." बाबांनी मोबाइलवर माझा जन्मदाखला काढून दाखवला. रेफरींनी मान डोलावली, पण सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. मला गुडघ्यांत वाकून लहान व्हावंसं वाटलं.

त्या दिवशी मी चिडून प्रत्येक चेंडूमागे पळाले. दुसऱ्या हाफमध्ये डाव्या पोटरीत गोळा आला आणि मी खाली कोसळले. मॅडमनी माझा पंजा वर ढकलून धरला, तेव्हा कुठे पाय सरळ झाला. मला बाहेर बसवलं आणि आम्ही हरलो. आमच्याच टीममधली एक मुलगी हळूच म्हणाली, "थक जाती है तो गिर जाती है."

स्कूटरवर घरी येताना बाबा म्हणाले, "उद्यापासून एक फेरी वाढवू या."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हाक मारली तेव्हा मी अंथरुणातच उठून बसले. "बाबा, मी नाही येणार."

"आळस आलाय?"

"नाही. पळून पळून पाय आणखी दुखतायत. मी आज मॅडमना विचारणार आहे."

संध्याकाळी मॅडमनी मला बाजूला घेतलं. झोप किती होते, खाते काय, पाळी कधीपासून येते, सगळं विचारलं. सकाळच्या पळण्याबद्दल ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "तुम्हारी टाँगें अब बड़ों वाली हैं," त्या म्हणाल्या. "ज़ोर भी बड़ों वाला, थकान भी बड़ों वाली." मग त्यांनी समजावून सांगितलं. त्या छोट्या मुलीचे स्नायू अजून लहान मुलाचे होते. ते एवढा जोर लावतच नाहीत, म्हणून लगेच सावरतात. माझे मोठा जोर लावतात आणि सावरायला वेळ मागतात. दमलेल्या पायांना आणखी पळवलं तर ते सुधारत नाहीत, बिघडतात.

म्हणजे मी आळशी नव्हते. ते ऐकून मला रडू आलं, पण रडून झाल्यावर मी म्हणाले, "मॅडम, मुझे पीछे खिलाइए. डिफेन्स में."

"फिर गोल कौन करेगा?"

"वो छोटी करेगी. वो थकती नहीं."

मॅडम नको म्हणत होत्या. मी दोन आठवडे रोज तेच विचारलं, तेव्हा त्या प्रॅक्टिसपुरत्या तयार झाल्या.

घरी बाबांना हे पटेना. शेवटी आईच बोलली. "माझंही असंच झालं होतं. मी अंगानं लवकर भरले, सगळे बघायला लागले आणि मी खो-खो सोडला. हिला सोडायचं नाहीये, एवढं तरी बघा."

आई खो-खो खेळायची हे मला माहीतच नव्हतं. बाबांनाही नसावं. ते मला म्हणाले, "बरं. मी काय करू ते सांग."

"सकाळी झोपू द्या."

मागे खेळणं सोपं नव्हतं. माझे पाय इतक्या भरभर लांब झाले होते की ते माझेच आहेत याचा अंदाज यायचा नाही. चेंडू दोन पायांमधून निघून जायचा आणि मुली हसायच्या. पण आधी बघायचं, मग पळायचं, एकदा जोर लावला की चालत जागेवर यायचं, हे मी घोटून घोटून शिकले. पोटऱ्यांना मध्ये विसावा मिळायला लागला.

दिवाळीनंतर त्याच टीमशी पुन्हा गाठ पडली. दुसऱ्या हाफमध्ये पोटऱ्या आवळायला लागल्या, तशी मी धावणं थांबवलं आणि त्यांच्या नऊ नंबरच्या मुलीला माझ्याकडे येऊ दिलं. ती जवळ आली तेव्हाच एकदा झेपावले आणि चेंडू डावीकडे दिला. छोटीने तो पार पुढे नेऊन गोल केला. शेवटी त्यांनीही एक केला आणि बरोबरी झाली. शिट्टी वाजली तेव्हा मी मैदानातच होते, उभी.

बाबा पाण्याची बाटली घेऊन आले. "दुखतंय?"

"हो."

"चल, घरी जाऊ."

"थांबा ना. त्यांची आज अजून एक मॅच आहे, ती बघायची आहे. ती नऊ नंबरची दोनदा मला चुकवून गेली. ती वळते कशी, ते मला कळायला हवं."

बाबांनी स्कूटरची किल्ली खिशात टाकली आणि माझ्याशेजारी गवतावर बसले.